मुनीरकाका आणि सल्माची गोष्ट

मुनीर तन्नूस गेल्याची बातमी त्यांच्या देशातल्या दोन वर्तमानपत्रांत आली. एक हिब्रू, एक अरबी. त्यांच्या मुलीने, लैलाने, मला दोन्हींचा अर्थ फोनवर सांगितला. हिब्रू पत्राने लिहिलं होतं, की ते अरब होते, पण हिब्रूत लिहीत. अरबी पत्राने लिहिलं होतं, की ते हिब्रूत लिहीत, पण आपलेच होते. "दोघांनाही 'पण' लागलाच," लैला म्हणाली आणि रडता रडता हसली.

इथे सिंगापूरला, बिशानमध्ये, आमच्या ब्लॉकखालच्या कॉफी शॉपमध्ये, बातमी वगैरे काही नव्हती. कॉफी करणाऱ्या आंटीने काही दिवस वाट पाहिली आणि मग मला विचारलं, "दॅट अंकल हाऊ? गो बॅक होम आह?" मी मान हलवली. तिला काय कळायचं ते कळलं. हातातलं फडकं तिने उगीचच पुन्हा एकदा पिळलं. "गुड अंकल," ती म्हणाली. "ऑलवेज कम्प्लेन, बट गुड अंकल."

म्हणजे तिसरा 'पण'ही लागला. काकांना तो सगळ्यात जास्त आवडला असता.

त्यांची माझी ओळख याच कॉफी शॉपमध्ये झाली. लोकांच्या तोंडावरचे मास्क जाऊन फार काळ लोटला नव्हता. शनिवारी दुपारी मी पुण्याला आईशी फोनवर बोलत होते. ती चकलीची भाजणी पाठवायचं म्हणत होती आणि मी "पुरे गं आई, पुरे" म्हणत होते. फोन ठेवला तर शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ माझ्याकडे बघत होते. उंच, किंचित वाकलेले, पांढऱ्या भरघोस भुवया, आणि त्या उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा, कडक इस्त्रीचा शर्ट.

"पुरे," ते म्हणाले. अगदी नीट म्हणाले. "पुरे, बाळा, पुरे. बरोबर?"

मी चमकलेच. मग त्यांनी इंग्रजीत सगळा खुलासा केला. आम्ही नेहमी इंग्रजीतच बोलायचो, पण माझ्या आठवणीत ते मराठीतच बोलतात, म्हणून इथे तसंच लिहिते.

ते गॅलिलीतल्या एका खेड्यातले ख्रिस्ती अरब. तरुणपणी नोकरी शोधत समुद्रकाठच्या शहरात गेले, तेव्हा अरब मुलाला भाड्याने खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. दिली ती दीनाबाईंनी. या दीनाबाई मूळच्या रेवदंड्याकडच्या, बेने इस्रायली, म्हणजे यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून कोकणात ज्यांना शनिवार तेली म्हणत त्यांच्यातल्या. नवऱ्यामागोमाग तिकडे गेलेल्या, आणि तिकडे गेल्यावर 'तुम्ही खरंच यहुदी का' असं ज्यांना विचारलं गेलं, अशांपैकी एक. "गल्लीत तिलाही कुणी चहाला बोलवत नव्हतं आणि मलाही. मग ती मला बोलवायची," काका म्हणाले. "बशीत ओतून प्यायची. पुन्हा कप भरायला लागली की मी हात आडवा धरायचो आणि म्हणायचो, पुरे. ते मी तिच्याकडूनच शिकलो होतो. मी बातम्या ऐकत सुटलो की ती तो शब्द मला ऐकवायची."

त्यांची हिब्रू खऱ्या अर्थाने पक्की झाली ती या बाईंच्या स्वयंपाकघरात. दीनाबाईंची स्वतःची हिब्रू ओढूनताणून शिकलेली. "तिच्या चुका मी माझ्या पुस्तकांत तशाच ठेवल्या," ते म्हणाले. "समीक्षकांनी लिहिलं, तन्नूस यांनी भाषेला नवं वळण दिलं. वळण कसलं! रेवदंडा!"

मग त्यांनी एकदम विचारलं, "तुम्हाला हिब्रू येते?"

"नाही."

"अरबी?"

"नाही."

"उत्तम," ते म्हणाले. खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी आले. "मग तुम्ही मला हव्या आहात."

ही त्यांची काम करण्याची पद्धत होती, हे मला हळूहळू समजलं. लिहिलेलं पान ते आधी अशा माणसाला मोठ्याने वाचून दाखवत ज्याला त्यातलं अक्षर कळत नाही. "भाषा येणारा माणूस शब्दांत अडकतो. सुंदर शब्द आला की फसतो. तुम्ही फसणार नाही. तुम्हाला फक्त एवढंच ऐकू येईल, की हा म्हातारा खरं बोलतोय की थापा मारतोय." त्यांच्या देशात हे काम त्यांची बायको करायची. ती आर्मेनियन होती आणि हिब्रू शिकायची नाही म्हणून हट्टाने शिकली नव्हती. ती गेल्यावर लैला त्यांना इथे, आमच्याच ब्लॉकमधल्या आपल्या घरी, घेऊन आली. लैला इथे विद्यापीठात शिकवते. सिंगापूरमध्ये हिब्रू न येणाऱ्यांची काही कमतरता नव्हती, पण तासभर गप्प बसून ऐकणारं माणूस त्यांना मिळत नव्हतं.

मी बसले. बँकेत हिशेब तपासण्यात माझं आयुष्य गेलं, वाचन हा एकच नाद. मला ते जमण्यासारखं वाटलं. वाचन सुरू झालं आणि माझ्याही नकळत मी मध्ये मध्ये "हं" म्हणायला लागले. आमच्याकडे लहानपणी गोष्ट ऐकताना हुंकार द्यावा लागे, नाही दिला की सांगणारा थांबे. काका मात्र उलट हुंकार आला तिथेच थांबले.

"हे काय केलंत?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "म्हणजे तुमच्याकडे ऐकणाऱ्यालाही काम असतं," ते म्हणाले. त्या दिवसापासून हिशेब ठरला. जिथे माझा हुंकार आपसूक यायचा तिथे ते पुढे जायचे. जिथे मी गप्प राहायची त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ. मला ओझं वाटायला लागलं. एकदा मी मुद्दाम, त्यांना बरं वाटावं म्हणून, हुंकार दिला तर भुवया उंचावून म्हणाले, "हा खोटा होता, उम्म ईरा. अकाउंटंट असून खोटी सही?"

उम्म ईरा, म्हणजे ईराची आई. माझ्या मुलीचं नाव कळल्यापासून त्यांनी मला कधी माझ्या नावाने हाक मारली नाही. माझा नवरा श्रीरंग, तो अबू ईरा झाला. "ऑफिसात मला इतका मान नाही," श्रीरंग म्हणायचा. आम्ही त्यांना काका म्हणायला लागलो. लैलाला त्याचा अर्थ सांगितला तर ती म्हणाली, "अरे वा. त्यांचे सगळे पुतणे गावाकडे राहिले. बरं झालं, इथे थोडी भरपाई झाली."

त्यांच्या तक्रारी भरपूर असत. कॉफी पाणचट. पंखा मानेवर. साळुंक्या आगाऊ, ताटात चोच घालतात. बिनसाखरेची काळी कॉफी मागवायची, खिशातून वेलदोड्याची छोटी डबी काढायची आणि कपात चिमूटभर पूड टाकायची. आंटी रागावायची. "माय कॉफी नॉट गुड इनफ आह, अंकल?" ते उठून तिच्या काउंटरपाशी जायचे, डबी तिच्या नाकासमोर धरायचे. एकदा तिने हुंगलं आणि शिंकली. तेव्हापासून त्यांचं जमलं. लैलाचं घर शांत होतं, अभ्यासाची खोली होती, खिडकीतून झाडं दिसायची. काका तिथे एक ओळ लिहू शकत नव्हते. "शांततेत मला फक्त माझं स्वतःचं ऐकू येतं. भयंकर असतं ते," म्हणायचे आणि ताटल्यांच्या खणखणाटात वही उघडायचे.

हिब्रूत का लिहिता, हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नाही. पण आमच्या मराठी वाचकांच्या गटातल्या लोकांनी विचारला. बुकित बातोकला केळकरांच्या फ्लॅटवर आम्ही महिन्यातून एकदा जमतो. मी काकांना घेऊन गेले. कोथिंबीर वडी खाऊन त्यांनी 'ही फलाफलची चुलत बहीण' असं जाहीर केलं आणि वहिनींना जिंकलं. मग केळकरांनी, पुणेरी माणसाला साजेसा, सरळ प्रश्न टाकला.

"पण काय हो, राग मानू नका, शत्रूच्या भाषेत का लिहायचं?"

खोलीत सगळे वडीकडे बघायला लागले. काकांना राग आला नव्हता. त्यांनी हातातली वडी बशीत परत ठेवली.

"मुलगी झाली हे मला नर्सने त्या भाषेत सांगितलं," ते म्हणाले. "बायकोला काय झालंय हे डॉक्टरने त्याच भाषेत सांगितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि बसस्टॉपवर मला भिंतीकडे तोंड करून उभं करणारा पोलीस, तोही त्याच भाषेत बोलला. आता मी या भाषेचे तुकडे कसे करू? कुठला शत्रूचा, कुठला माझा?" मग म्हणाले, "तुम्ही सगळे ऑफिसात भांडता कुठल्या भाषेत?"

"इंग्रजीत," केळकर म्हणाले.

"आणि बायकोशी?"

"मी भांडतच नाही," केळकर म्हणाले आणि स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "मराठीत! आणि हरतातही मराठीतच!"

त्या हशात प्रश्न विरून गेला. पण परतताना एमआरटीच्या गाडीत काका मला म्हणाले, "मी त्यांना अर्धंच सांगितलं. अरबीत लिहायला बसलो ना, की घरातली सगळी मोठी माणसं खोलीत येऊन बसतात. वडील, चुलते, गावचा पाद्री. सल्मा तर अगदी समोर बसते. त्यांच्यासमोर मला तोंड उघडता येत नाही. हिब्रूत खोली रिकामी असते."

सल्मा कोण, हे मला पुलाउ उबीन बेटावर कळलं.

ईराची परीक्षा संपली होती आणि तिला बेटावर सायकल चालवायची होती. काकांना म्हटलं, तुम्हीही चला. बंबोटीत, म्हणजे बेटावर नेणाऱ्या छोट्या होडीत, चढताना त्यांनी लाटांबद्दल, लाइफ जॅकेटबद्दल आणि डिझेलच्या वासाबद्दल तक्रार केली, आणि बोट सुटल्यावर शाळकरी मुलासारखे पुढच्या बाकावर जाऊन बसले. बेटावर श्रीरंग आणि ईरा सायकली घेऊन गेले. आम्ही दोघं पायवाटेने हळूहळू निघालो. वाटेत पत्र्याच्या छपराचं एक जुनं घर होतं. अंगणात विहीर, दोन कोंबड्या. ओसरीत एक चिनी म्हातारी मांडीवर परात घेऊन मिरच्यांची देठं काढत बसली होती. तिने वर पाहिलं, आम्ही कुणी ओळखीचे नाही असं बघून पुन्हा खाली पाहिलं.

काका जागच्या जागी थांबले. इतका वेळ, की मला वाटलं त्यांच्या छातीत दुखतंय. हृदयाचा त्रास होताच.

पुढे एका झाडाखाली बसून मी मेथीच्या पोळ्या काढल्या. एक तुकडा त्यांच्या हातून मातीत पडला. त्यांनी तो उचलला, ओठांना लावला, कपाळाला लावला आणि शेजारच्या कट्ट्यावर उंच जागी ठेवला. "पाखरं खातील. पायाखाली येऊ नये." मी म्हटलं, आम्ही पुस्तकाला पाय लागला की असं करतो. "तुम्ही पुस्तकाला, आम्ही भाकरीला," ते म्हणाले. "मी लेखक होणार होतो तर तुमच्याकडे जन्माला यायला हवं होतं." पण ते हसले नाहीत. "सल्माही अशीच ओसरीत परात घेऊन बसते," म्हणाले, आणि मग सांगायला लागले.

आई गेली तेव्हा ते अगदी लहान होते. सल्मा थोरली बहीण. तिने शाळा सोडली आणि त्यांना वाढवलं. शेजारच्या गावातल्या एका गवंड्याशी तिचं लग्न ठरलं होतं, अंगठी आली होती. मग ते मोडलं. घरात त्यावर कुणी बोललं नाही. लहानग्या मुनीरने जे दारामागून ऐकलं त्यावरून जोडलं ते असं, की नवऱ्या मुलाच्या घरचे या आईविना राहिलेल्या भावाला सांभाळायला तयार नव्हते, सल्मा त्याला सोडायला तयार नव्हती, म्हणून त्यांनी अंगठी परत मागवली. सल्माने पुन्हा लग्न केलं नाही. पुढे मुनीर तन्नूस यांनी पहिली कादंबरी लिहिली ती हीच. हिब्रूत. ती फार वाचली गेली. शहरातल्या बायका तिच्यासाठी रडल्या, शाळांत लावली गेली.

"आणि गावात?"

"गावातला एक मुलगा शिकायला शहरात होता. सुट्टीत आला आणि तिला म्हणाला, सल्मा, तुझ्यावर पुस्तक आहे. ती मला एवढंच म्हणाली, माझी गोष्ट माझ्याआधी त्यांना सांगितलीस." काका मातीत काडीने रेघा ओढत होते. "मग तिने मला झैतुनाचं, ऑलिव्हचं तेल दिलं, नेहमीसारखं. पुन्हा तो विषय काढला नाही. मीही नाही. फोनवर आम्ही ऑलिव्हबद्दल बोलतो, ब्लडप्रेशरबद्दल बोलतो. अरबी अनुवादासाठी किती जण आले. मी कुणाला परवानगी दिली नाही. तिच्या हातात ते पुस्तक पडलं तर ती त्यात स्वतःला कशी दिसेल, या भीतीने मी सगळं आयुष्य काढलं."

ईरा सायकलवरून परत आली. काकांचे डोळे बघून गडबडली. "अंकल, यू ओके? टू हॉट लाह. ड्रिंक वॉटर." ते आज्ञाधारकपणे पाणी प्यायले.

पुढे तिकडे युद्ध पेटलं. त्या दिवसांत काका रोज खाली येऊन बसत, पण वही आणत नसत. "माझ्या दोन्ही भाषा एकदम ओरडताहेत," ते म्हणाले, "मला कुठलीच ऐकू येत नाही." कुणी काही विचारलं की फक्त मान हलवत. सल्माचं गाव उत्तरेला, सरहद्दीपासून फार लांब नाही. सायरन वाजला की ती जिन्याखाली जाऊन बसते, असं पुतण्याकडून कळायचं. गाव सोडून जायला तिने नकार दिला होता. काकांना तिकडे जायचं होतं, पण इतक्या लांबच्या प्रवासाला डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं.

अशाच एका फोनवर सल्माने तो विषय काढला. इतक्या वर्षांनी, आपणहून. तिची नजर जवळजवळ गेली होती आणि तिचं हृदयही थकलं होतं. काकांनी मला तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. "मुनीर, आता मला वाचता येणार नाही. माझ्याबद्दल काय लिहिलंस ते मला सांग. मी जायच्या आत सांग. अख्ख्या देशाला ठाऊक आहे, मला एकटीलाच नाही."

मी त्यांना घाबरलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यांनी सगळं बाजूला ठेवलं आणि आपल्याच कादंबरीचं अरबी करायला घेतलं. आंटीची कॉफी दोनदा गार व्हायची. पहिलं प्रकरण झालं तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं आणि वाचायला सुरुवात केली. अरबी मी त्यांच्याकडून पहिल्यांदाच ऐकत होते. मला वाटलं होतं, आपल्या मायबोलीत हा माणूस किती खुलेल. पण आवाज भलताच निघाला. ताठ, खणखणीत, गळ्याचं बटण लावल्यासारखा. मी ऐकत राहिले. हुंकार येईना. खोटी सही करायची नाही हे ठरलेलं होतं. पान संपलं.

"काय?" ते म्हणाले.

"काका, कळत तर काहीच नाही मला. पण आज तुम्ही बातम्या दिल्यासारखं वाचलंत."

त्यांचा चेहरा पडला. त्यांनी कागद गोळा केले, वेलदोड्याची डबी खिशात टाकली आणि लिफ्टकडे गेले. त्यानंतर बरेच दिवस ते खाली आले नाहीत. मला घास गोड लागेना. श्रीरंग म्हणाला, "तूच बोललीस ते चुकलं. भाषा येत नाही तर मत कशाला द्यायचं?" मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

मग एका संध्याकाळी मी ऑफिसातून येत होते तर ते खाली बसलेले. माझ्यासाठी चहा सांगून ठेवला होता.

"बसा," ते म्हणाले. "तुमच्यावर रागावलो म्हणून मी सल्माला फोन लावला. तिला पहिलं पान वाचून दाखवलं. ती शांतपणे ऐकत होती. पान संपल्यावर काय म्हणाली माहितेय? म्हणाली, छान आहे. हे कोण गृहस्थ बोलताहेत? जरा मुनीरला फोन द्या."

आणि ते हसायला लागले. इतके हसले, की आंटी बघायला आली.

त्यांनी मला मग समजावलं. अरबी लिहायची म्हणजे ती शाळेतली, पुस्तकातली, सभेतली. सल्मा आणि ते ज्यात बोलतात ती गावची बोली, ती कुणी कागदावर लिहीत नाही. त्यांच्या हाताला ती येतच नव्हती. तोंडाला येत होती, पण तोंडाने त्यांनी कधी गोष्ट सांगितली नव्हती. ते लिहिणारे होते. "कागदाशिवाय मी काय सांगणार?" ते म्हणाले. "मध्येच वाक्य खोडता येत नाही. आणि समोर ती. खोली रिकामी नाही."

"भरलेलीच राहू दे की," मी म्हटलं. "तिलाच तर सांगायचंय."

 दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कागद घरी ठेवायला सुरुवात केली.

आमची संध्याकाळ म्हणजे तिकडे जेवणाआधीची वेळ. सल्मा भाजी निवडायला बसायची, दिसत नसलं तरी बोटांनी निवडायची. फोन स्पीकरवर टेबलावर उभा करून काका तिला सांगायला लागले. आधी अडखळत. घाम पुसत. दोन वाक्यं सांगून गप्प. फोनमधून तिचा खरखरीत आवाज यायचा, "अं?" आणि मग पुन्हा पुढे. मी अनेकदा शेजारी बसलेली असे. मला हळूहळू त्यांच्या आवाजातला फरक कळायला लागला. गळ्याचं बटण सुटलं होतं. मधूनच ते एखादा शब्द गिळत, एखादा ओढत. इतके महिने त्यांनी मला हिब्रू वाचून दाखवली, पण ते इतके लहान कधी वाटले नव्हते.

सल्मा ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. ती मध्ये तोंड घालायची आणि काका फोनवर हात ठेवून मला सांगायचे. "म्हणतेय, आपलं खेचर पांढरं नव्हतं." "म्हणतेय, आत्याला इतकी चांगली दाखवलीस? लाच खाल्लीस का?" "म्हणतेय, स्वयंपाक मला येत नव्हता असं लिहिलंस आणि ते पोरं शाळेत शिकली?"

असं करत करत ते अंगठीपाशी आले. त्या दिवशी ते दुपारपासूनच खाली बसून होते. कॉफी मागवली नव्हती. मला म्हणाले, "आज बसा माझ्याजवळ." फोन लावला. सांगायला लागले. आवाज खाली खाली जात होता. गवंड्याच्या घरचे आले, ओसरीत बसले, दारामागे एक मुलगा उभा होता, हे सगळं मला उबीनवर ऐकलेलं असल्यामुळे सुरावरून कळत होतं. मग ते थांबले, आणि थांबलेच.

फोनमधून सल्मा काहीतरी म्हणाली. छोटंसं. काकांनी भुवया उंचावल्या. ती पुन्हा बोलली, या वेळी जरा चढ्या आवाजात. काकांनी फोनवर हात ठेवायचं विसरून माझ्याकडे पाहिलं.

"म्हणतेय, अंगठी त्यांनी मागितली नाही. तिने पाठवली."

"म्हणजे?"

त्यांनी फोनवर वाकून विचारलं. पलीकडून उत्तर आलं, लांबलचक, मध्ये भाजीचं भांडं आपटल्याचा आवाज. काका एक एक वाक्य मला सांगत गेले. "म्हणतेय, ते लोक चांगले होते. मुलाला घेऊन ये म्हणत होते. खाट पण करून ठेवली होती." थांबले. "म्हणतेय, तो मला आवडला नव्हता. दिवसभर दगडांबद्दल बोलायचा. जेवताना मचमच करायचा. सगळं आयुष्य कोण ऐकणार ते?" पुन्हा थांबले. "म्हणतेय, वडिलांना कसं सांगायचं म्हणून मी तुझं नाव पुढे केलं. तू लहान होतास, तुला काय फरक पडणार होता?"

त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. मला वाटलं ते रडताहेत. खांदे हलत होते. पण हात काढले तर हसत होते, आणि गालांवरून पाणी वाहत होतं, दोन्ही एकदम. फोनमधून सल्मा ओरडून काही विचारत होती.

"काय म्हणतेय?"

"म्हणतेय, माझ्यासाठी रडणाऱ्या त्या बायकांना आता कोण कळवणार?"

लिफ्टमध्ये मी त्यांना विचारलं, की तिने हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून तर सांगितलं नसेल? त्यांनी विचार केला. "सल्मा माझ्यापेक्षा चांगली लेखिका आहे, उम्म ईरा. तिला सगळं शक्य आहे. पण गोष्ट तिची आहे. ती म्हणेल तसंच घडलं." आणि मजला आल्यावर दार उघडं धरून म्हणाले, "सबंध आयुष्य मी तिचा देणेकरी म्हणून लिहिलं. बघा, किती पुस्तकं झाली."

त्यांनी त्यानंतर नवं काही लिहिलं नाही. लिहायची घाई उरली नव्हती, असं लैला म्हणते. आम्ही सगळे सल्माच्या प्रकृतीची काळजी करत होतो. गेले ते काका. पहाटे, झोपेत. सल्मा आहे. लैला तिला दर रविवारी फोन करते. पहिल्या रविवारी सल्मा म्हणाली, "रडू नकोस. त्याने मला सगळं सांगितलं. सांगायचं काही शिल्लक ठेवून गेला नाही."

मला त्यांनी काय दिलं, हे सांगायला मी फार उशिरा लिहायला बसले आहे आणि फार हळू लिहिते आहे. न कळणाऱ्या भाषेत एवढा वेळ बसून राहता येतं, आणि त्यात आपलाही काही उपयोग असतो, हे मला ठाऊक नव्हतं. कुणी मला कधी इतकं मन लावून ऐकायला सांगितलं नव्हतं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते जाण्याच्या दोनएक दिवस आधी. एमआरटीवरून भाजीच्या पिशव्या घेऊन येत होते. काका नेहमीच्या टेबलाशी होते, फोन समोर उभा. त्यांनी मला पाहिलं आणि पायाने शेजारची खुर्ची बाहेर ढकलली. मी बसले. फोनमधून सल्मा बोलत होती. पुस्तक केव्हाच संपलं होतं. हे काहीतरी त्यांच्या जन्माच्या आधीचं असावं, कारण काका मध्ये काहीच बोलत नव्हते, काही दुरुस्त करत नव्हते, मला अर्थही सांगत नव्हते. तिला दम लागला की ती थांबायची. ते फोनकडे बघत वाट पाहायचे. मग ती पुन्हा सुरू करायची. आंटीने न विचारता टेबल पुसलं, त्यांनी कोपर उचललं आणि परत ठेवलं. मला वर जाऊन कुकर लावायचा होता. मी पिशव्या उचलल्या, तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता हात थोडासा वर केला, आणि खुर्ची फोनच्या आणखी जवळ ओढून घेतली.